देश आरोग्याच्या ध्येयांकडे किती वेगाने चालला आहे, हे मोजण्याची रीत

सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ शाश्वत विकास ध्येये स्वीकारली. त्यांतले तिसरे ध्येय आरोग्याचे आहे आणि त्याखालची बहुतेक लक्ष्ये २०३० पर्यंत गाठायची आहेत. दरवर्षी या ध्येयांविषयी अहवाल निघतात, वर्तमानपत्रांत देशांच्या क्रमवाऱ्या छापून येतात आणि आपल्याकडेही जिल्हा परिषदेच्या बैठकीत, महाविद्यालयातल्या परिसंवादात ते आकडे सांगितले जातात. मात्र देश ध्येयाच्या वाटेवर आहे की मागे पडला आहे, हे ऐकणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता यावे, अशी सोय क्वचितच केलेली असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते, पत्रकार, विद्यार्थी आणि पंचायतींचे सदस्य यांना हा पडताळा घेता यावा, म्हणून ही रीत येथे मांडली आहे. त्यासाठी मोबाइलमधले कॅल्क्युलेटर पुरते.

लक्ष्याचे वाक्य आधी शब्दशः वाचावे

मोजणीतल्या बहुतेक चुका लक्ष्य अर्धवट वाचल्यामुळे होतात. माता मृत्यूचे उदाहरण घेऊ. दर एक लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यूंचे प्रमाण ७० पेक्षा खाली आणावे, असे लक्ष्य आहे. पण ७० हा आकडा साऱ्या जगाच्या सरासरीसाठी आहे. प्रत्येक देशाने स्वतःच्या २०१० च्या पातळीत किमान दोन तृतीयांश घट करावी आणि कोणत्याही देशात हे प्रमाण १४० च्या वर राहू नये, असे देशांसाठी ठरले आहे. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार (देशभरातल्या निवडक गावांत आणि वस्त्यांत जन्ममृत्यू टिपण्याची व्यवस्था) २०१०-१२ या काळात हे प्रमाण १७८ होते. त्याला पायाभूत आकडा मानले, तर भारताने गाठायची पातळी ७० नव्हे, तर सुमारे ५९ ठरते. ‘७० गाठले की झाले’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, ते म्हणूनच अपुरे आहे.

काही लक्ष्यांचे स्वरूप निराळे असते. पाच वर्षांखालील बालमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे २५ किंवा त्याहून कमी आणि नवजात मृत्यू १२ किंवा त्याहून कमी, ही पातळी प्रत्येक देशाला सारखीच लागू आहे. असंसर्गजन्य आजारांमुळे होणारे अकाली मृत्यू एक तृतीयांशाने कमी करण्याचे लक्ष्य मात्र ज्या त्या देशाच्या आरंभीच्या पातळीवर अवलंबून आहे. लक्ष्य ठरावीक पातळीचे आहे की ठरावीक घटीचे आहे, हे वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावे. सिएरा लिओनमध्ये माता मृत्यूंचे प्रमाण २००० साली सुमारे १,६८० होते आणि २०२० साली ते सुमारे ४४० वर आले, असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. पातळी पाहिली तर हा देश १४० पासून फार दूर दिसतो. घट पाहिली तर त्याने वीस वर्षांत जे केले, ते फार थोड्या देशांना जमले आहे. केवळ क्रमवारी छापणाऱ्यांकडून अशा देशांवर मोठा अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकडा कोणी, कुठे आणि कसा मोजला

एकाच गोष्टीचे दोन आकडे समोर आले की वाचक गोंधळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत भारताचा पाच वर्षांखालील बालमृत्यू दर ४१.९ आहे, तर नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालात तो ३२ आहे. यांपैकी एक खरा आणि दुसरा खोटा, असे मानण्याचे कारण नाही. सर्वेक्षणात मातांना त्यांच्या अपत्यांविषयी विचारले जाते आणि त्या उत्तरांवरून सर्वेक्षणापूर्वीच्या पाच वर्षांची सरासरी काढली जाते. नमुना नोंदणीत देशभर निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत एक स्थानिक नोंदकर्ता वर्षभर जन्ममृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरा अधिकारी स्वतंत्रपणे तीच घरे फिरतो आणि मग दोघांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात. दोन्ही पद्धती उपयोगाच्या आहेत. फक्त आरंभीचा आकडा एकीतून आणि शेवटचा दुसरीतून घेऊन घट काढू नये.

आंतरराष्ट्रीय अंदाजांनाही हेच लागू आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्था जेव्हा नवा अहवाल काढतात, तेव्हा केवळ शेवटच्या वर्षाची भर घालत नाहीत, तर नव्या माहितीच्या आधारे मागची सारी वर्षेही पुन्हा मोजतात. म्हणून जुन्या अहवालातला २०१५ चा आकडा नव्या अहवालातल्या आकड्याशेजारी ठेवू नये. सगळी मालिका एकाच, ताज्या अहवालातून उतरवून घ्यावी.

जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याने याहून एक पायरी खाली उतरून पाहावे, कारण प्रमाणातला अंश (मोजलेल्या घटना) आणि छेद (ज्या संख्येने भागायचे ती) यांचा मेळ तिथेच बिघडतो. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि नोंद घटना जिथे घडली तिथे होते. आता खटाव तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्राची नोंदवही उघडावी. गरोदरपणाची नोंद तिथे झाली, लोहाच्या गोळ्या तिथून दिल्या, धनुर्वाताची लस तिथे टोचली. पण पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून ती मुलगी आठव्या महिन्यात वाळवा तालुक्यात गेली आणि प्रसूती तिथल्या रुग्णालयात झाली. जन्माची नोंद वाळव्यात, बाळाचे पहिले लसीकरण वाळव्यात आणि दीड-दोन महिन्यांनी मायलेकरे पुन्हा खटावात. दोन्ही गावांच्या आशांनी एकमेकींना फोन केला नाही, तर हे बाळ दोनदा मोजले जाते किंवा एकदाही मोजले जात नाही. मिरजेचे उदाहरण तर याहून ठळक आहे. तेथील रुग्णालयांत सांगली जिल्ह्यातूनच नव्हे, तर सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. अवघड प्रसूती तिथे येतात, त्यामुळे काही मृत्यूही तिथेच नोंदले जातात. ते मिरजेच्या लोकसंख्येवर टाकले, तर मिरज धोक्याची दिसेल आणि जिथे वेळेवर वाहन मिळाले नाही ते गाव निर्धोक दिसेल. जन्म अहवालाच्या नमुन्यात मातेच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाचा रकाना असतो. तो काळजीपूर्वक भरणे आणि त्यावरून आकडेवारी लावणे, हाच यावरचा उपाय आहे. ऊसतोडीच्या हंगामात कराड, वाळवा भागातल्या फडांवर दुष्काळी तालुक्यांतून येणाऱ्या गरोदर स्त्रियांची नोंद कुठे होते, हा प्रश्न तर प्रत्येक आढावा बैठकीत नावानिशी विचारायला हवा.

वेग काढावा, फरक नव्हे

आता मुख्य गणित. नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारतातील माता मृत्यूंचे प्रमाण २०१४-१६ मध्ये १३० आणि २०१८-२० मध्ये ९७ होते. दोन्ही आकडे तीन-तीन वर्षांचे आहेत, म्हणून मधले वर्ष धरावे: २०१५ आणि २०१९. म्हणजे अंतर चार वर्षांचे. फरक ३३, वर्षाला सव्वाआठ, असा हिशेब पुष्कळ जण करतात. पण तोच धरून पुढे गेलो, तर २०३१ च्या आधीच देशात माता मृत्यू शून्यावर येतील असे उत्तर निघते आणि ते कोणालाही पटणार नाही. पातळी जसजशी खाली येते, तसतशी पुढची प्रत्येक घट अधिक कष्टाची होते. म्हणून दरवर्षी किती टक्के घट झाली, हे काढावे.

९७ ला १३० ने भागावे, ०.७४६ येतात. अंतर चार वर्षांचे असल्याने वर्गमुळाचे बटण दोनदा दाबावे, ०.९२९ येतात. हे एकातून वजा केले की ०.०७१, म्हणजे दरवर्षी सुमारे ७.१ टक्के घट. हा झाला प्रत्यक्ष वेग. त्यानंतर आवश्यक वेग काढावा. २०१९ ते २०३० ही अकरा वर्षे. ५९ ला ९७ ने भागून येणाऱ्या संख्येचे अकरावे मूळ काढावे (गणिती कॅल्क्युलेटरमध्ये घातांक म्हणून १/११ द्यावा) आणि ते एकातून वजा करावे, सुमारे ४.४ टक्के येतात. लक्ष्य ७० धरले असते, तर २.९ टक्केच पुरले असते. प्रत्यक्ष वेग आवश्यक वेगाहून अधिक आहे, म्हणजे या चार वर्षांच्या चालीने भारत वाटेवर होता.

‘होता’ असे म्हणण्याचे कारण आहे. पुढचा आकडा २०१९-२१ साठी ९३ आहे, म्हणजे एका वर्षाच्या पुढच्या टप्प्यात घट चार टक्क्यांच्या आसपास. यात कोविडची वर्षे आहेत. शिवाय २०१८-२० आणि २०१९-२१ या दोन खिडक्यांत दोन वर्षे सामाईक आहेत, त्यामुळे त्यांची तुलना लंगडी ठरते. एकमेकांवर न चढणारे कालखंडच तुलनेला घ्यावेत आणि एका वर्षाच्या हालचालीवरून निष्कर्ष काढू नये.

हेच गणित क्षयरोगाला लावले, तर चित्र पार पालटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या क्षयरोग अहवालानुसार भारतात दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे अंदाजी प्रमाण २०१५ मध्ये २३७ आणि २०२३ मध्ये १९५ होते. आठ वर्षांत जवळपास १८ टक्के घट झाली आणि ती जगाच्या सरासरीपेक्षा चांगली असल्याचे वारंवार सांगितले गेले, ते खरेही आहे. पण २०१५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ८० टक्के घट हे लक्ष्य आहे, म्हणजे सुमारे ४७. २०२३ पर्यंतचा वेग वर्षाला २.४ टक्के, तर २०२३ नंतर लागणारा वेग वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक. ‘प्रगती झाली’ आणि ‘लक्ष्य हाती लागण्याजोगे नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात आणि दोन्ही सांगण्याचे धैर्य दाखवले पाहिजे. येथे आणखी एक सावधगिरी हवी: नोंदलेले रुग्ण आणि अंदाजी रुग्ण एक नव्हेत. एखाद्या तालुक्यात थुंकीच्या तपासण्या वाढल्या की नोंदलेले रुग्ण वाढतात. ती वाढ कामाची पावती असते. तिला अपयश म्हणून आरोग्य सेविकेला धारेवर धरले, तर पुढच्या वर्षी तपासण्याच कमी होतील.

लहान क्षेत्रात योगायोग ओळखावा

देशाची रीत जिल्ह्याला जशीच्या तशी लावता येत नाही. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ धरला, तर वर्षाला सुमारे ४५ हजार जन्म होतात. राज्यातील माता मृत्यूंचे प्रमाण २०१८-२० मध्ये ३३ होते. त्या हिशेबाने अशा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १५ माता मृत्यू अपेक्षित ठरतात. इतक्या छोट्या संख्येत सेवेत काहीही बदल न होता एखाद्या वर्षी ८ आणि एखाद्या वर्षी २२ असा फरक केवळ योगायोगाने पडू शकतो. तेव्हा एका वर्षाच्या आकड्यावरून तालुक्याला बक्षीस देणे किंवा नोटीस काढणे, दोन्ही निराधार आहे. जिल्ह्यासाठी पाच वर्षांची बेरीज घ्यावी आणि तालुक्यासाठी मृत्यूंच्या प्रमाणाऐवजी सेवेचे निर्देशक पाहावेत: पहिल्या तिमाहीत किती गरोदर मातांची नोंद झाली, किती जणींचे हिमोग्लोबिन तपासले, रक्तस्राव झालेल्या मातेला रक्त मिळायला किती वेळ लागला. मृत्यू मात्र एकेक करून तपासावा. माता मृत्यू अन्वेषणात त्या घरी जाऊन, तिचा प्रवास तासातासाने लिहून काढल्यावर जे हाती लागते, ते कोणत्याही टक्केवारीत नसते.

सर्वांसाठी आरोग्यसेवा हे लक्ष्य एका निर्देशांकाने मोजतात. त्यात १४ सेवांचे आकडे घेऊन ० ते १०० असा गुण काढला जातो आणि त्यासाठी साधी नव्हे, तर भूमितीय सरासरी वापरतात, म्हणजे आकड्यांची बेरीज न करता गुणाकार करून त्याचे मूळ काढतात (दोन आकडे असतील तर वर्गमूळ). एका सेवेला ९० आणि दुसरीला ४० गुण असतील, तर साधी सरासरी ६५ येते, भूमितीय ६०. दुबळी सेवा भक्कम सेवेच्या आड लपू नये, हा त्यामागचा हेतू असून तो मला योग्य वाटतो. पण हा निर्देशांक उपचारांच्या खर्चाने घर कर्जात बुडाले का, हे सांगत नाही. त्यासाठी स्वतंत्र निर्देशक आहे आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

सरासरीच्या पोटात शिरण्याची सवयही ठेवावी. २०१८-२० मध्ये भारताचे माता मृत्यूंचे प्रमाण ९७ असताना केरळचे १९ आणि आसामचे १९५ होते. महाराष्ट्र ३३ वर असला, तरी त्यातून जतच्या पूर्व भागातल्या वाडीची किंवा पाटणच्या डोंगरातल्या वस्तीची स्थिती कळत नाही.

निष्कर्ष कसा लिहावा

निष्कर्ष एकाच परिच्छेदात मावतो, पण त्यात लक्ष्य, स्रोत, कालखंड, दोन्ही वेग आणि मर्यादा यायलाच हव्यात. वरच्या गणितावरून तो असा लिहिता येईल: ‘नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१४-१६ ते २०१८-२० या काळात भारतातील माता मृत्यूंचे प्रमाण १३० वरून ९७ वर आले, म्हणजे वर्षाला सुमारे ७.१ टक्के घट झाली. २०१०-१२ च्या पातळीत दोन तृतीयांश घट करण्यासाठी २०१९ नंतर वर्षाला सुमारे ४.४ टक्के घट लागते. कोविडच्या काळात वेग मंदावल्याची चिन्हे आहेत, मात्र त्या कालखंडाची मागच्याशी थेट तुलना करता येत नाही. राज्याराज्यांतील तफावत या आकड्यात दिसत नाही.’ इतके लिहून खाली अहवालाचे नाव, वर्ष आणि पान द्यावे, म्हणजे विट्याच्या किंवा फलटणच्या वाचकालाही तेच गणित पुन्हा करून पाहता येईल.