चेकॉव्हचं लहानपण आणि घरातलं देवधर्म: कुठून वाचायला घ्यायचं

रशियन लेखक अंतोन चेकॉव्हच्या कथा आवडतात म्हणून लोक थेट चरित्र उघडतात आणि पहिल्या पन्नास पानांत रशियन नावांच्या जंगलात हरवतात, म्हणून आधी नावांचं बघू. मधलं नाव वडिलांवरून येतं एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पावेल येगोरोविच हे अंतोनचे वडील आणि येगोर हे आजोबा, झालं. तारखांचं पण तसंच, एकोणिसाव्या शतकात रशियाचं जुनं कॅलेंडर १२ दिवस मागे होतं, त्यामुळे जन्म कुठे १७ जानेवारी १८६० दिसेल कुठे २९ जानेवारी, दोन्ही बरोबर आहेत.

सुरुवात आजोबांपासून करा, हे बरेच जण सोडून देतात. येगोर भूदास होते, जमीनदाराच्या मालकीचे, आणि त्यांनी १८४१ मध्ये पैसे भरून स्वतःला आणि कुटुंबाला सोडवून घेतलं. भूदासप्रथा रद्द झाली १८६१ मध्ये. म्हणजे पावेल स्वतः भूदास म्हणूनच जन्मलेला माणूस, तो पुढे अझोव समुद्राकाठच्या तागानरोगमध्ये किराणा दुकान टाकतो, पोरांना गल्ल्यावर बसवतो आणि मारतोही. हे डोक्यात ठेवलं की त्याचा कडकपणा माफ होत नाही पण कुठून आला ते तरी कळतं.

आता मेन गोष्ट, चर्च. पावेलला चर्चच्या गाण्याचं भयंकर वेड, त्याने लोहारांना गोळा करून कॉयर, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांचा गट, उभा केला, आणि त्यांच्या भसाड्या आवाजांत वरचे सूर कोण लावणार तर घरची पोरं. रात्री उशिरापर्यंत तालीम, पहाटे प्रार्थना, मग शाळा. (दुकान बुडालं तरी कॉयर बुडाला नाही पाहिजे असा एकूण प्रकार, आणि दुकान खरंच बुडालं, १८७६ मध्ये कर्जापायी पावेल मॉस्कोला पळाला आणि १६ वर्षांचा अंतोन शिकवण्या करत शाळा संपवायला एकटा मागे राहिला.)

यानंतर चेकॉव्हची पत्रं घ्या. १८९२ च्या मार्चमधल्या एका पत्रात तो सरळ लिहितो की आम्ही भाऊ चर्चमध्ये गायचो तेव्हा लोक भारावून बघायचे, आईबापांचा हेवा करायचे, आणि आम्हाला मात्र छोटे कैदी असल्यासारखं वाटायचं, आणि आता मला धर्म उरलेला नाही. बहुतेक लेख इथेच थांबतात, चेकॉव्ह नास्तिक, विषय संपला. तुम्ही थांबू नका. भावांच्या आठवणी शेजारी ठेवून वाचा, थोरला अलेक्झांडर (१८५५) फार काळं चित्र काढतो, धाकटा मिखाईल (१८६५) बरंच सौम्य, आणि त्यात आश्चर्य नाही कारण दहा वर्षांच्या फरकाने दोघांना बापही वेगळाच मिळाला असणार. शिवाय काका मित्रोफान, तेही तितकेच धार्मिक पण स्वभावाने मायाळू, आणि अंतोनचा त्यांच्यावर जीव होता. त्यामुळे धर्म म्हणजे फक्त छडी असं त्या घरात नव्हतं.

मग कथा. आधी 'तीन वर्षं' (१८९५) घ्या, त्यातला लाप्तेव बायकोला आपलं बालपण सांगतो तो भाग, मार, पहाटेची प्रार्थना, पाद्र्यांचे हात चुंबणं, पत्रातलंच सगळं वाटतं. पण पात्राचं प्रत्येक वाक्य आत्मचरित्र धरू नका हां, लाप्तेवचा बाप मॉस्कोचा श्रीमंत व्यापारी आहे. त्याच्या लगेच नंतर 'विद्यार्थी' (१८९४) वाचा, गुड फ्रायडेच्या थंडीत पाद्री व्हायला शिकणारा पोरगा शेकोटीपाशी दोन विधवांना येशूचा शिष्य पीटर याने येशूला ओळखत नाही म्हणून नाकारल्याची गोष्ट सांगतो आणि त्या हलून जातात. धर्म उरला नाही म्हणणाऱ्या माणसाने हे लिहिलंय! ते गाणं, ते शब्द, उपासाचे दिवस हे सगळं त्याला आतून पाठ होतं म्हणूनच जमलंय, हे माझं मत.

'बिशप' (१९०२) शेवटी ठेवा, सगळं वर सांगितलेलं माहीत असेल तर आई स्वतःच्या बिशप झालेल्या मुलाशी अवघडून बोलते ते जास्त लागतं. एवढा वेळ नसेल तर लाप्तेवचा तो भाग आणि 'विद्यार्थी' लागोपाठ वाचा, 'विद्यार्थी' तर चारपाच पानांचीच आहे, एका बैठकीत होईल.