मोठ्या आतड्याला छिद्र पडलेल्या रुग्णाच्या जगण्याचा अंदाज: गुण मोजताना या चुका टाळा

मोठ्या आतड्याला छिद्र पडून पोटभर पेरिटोनायटिस (पोटाच्या आतील आवरणाचा दाह) झालेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून नागपूरला किंवा सेवाग्रामला पाठवताना ‘वाचेल का?’ हे नातेवाईक विचारतातच. त्यासाठी मॅनहाइम पेरिटोनायटिस इंडेक्स हा धोक्याचे गुण मोजणारा तक्ता (गुण जितके जास्त, तितका मृत्यूचा धोका जास्त) हाताशी असतो, परंतु तो भरताना काही चुका पुन्हा पुन्हा होतात.

सर्वांत मोठी चूक उगमस्थानाच्या रकान्यात होते. तेथील ४ गुण उगम मोठ्या आतड्यात नसल्यास द्यायचे असतात. मोठ्या आतड्याला शून्य. मोठे आतडे अधिक घातक, म्हणून गुणही अधिक, असा समज करून पुष्कळजण उलट भरतात. ५८ वर्षांचा पुरुष (५), २४ तासांहून जुने दुखणे (४), सर्वत्र पसरलेला दाह (६) आणि विष्ठायुक्त स्राव (१२) मिळून २७ गुण होतात; चुकून ४ वाढवले की ३१ होऊन तो २९ च्या वरच्या, सर्वाधिक धोक्याच्या गटात जातो.

२४ तास केसपेपरवरील दाखल होण्याच्या वेळेपासून मोजू नयेत. ‘वायू धरला’ म्हणून गावातच सुया घेतलेल्या रुग्णाचा खरा काळ त्याआधीच सुरू झालेला असतो. तेव्हा ‘दुखायला लागले त्या दिवशी वावरात गेला होता का?’ असे विचारावे, उत्तर नेमके मिळते. वयाचेही तसेच: आधारवरील १ जानेवारी ही जन्मतारीख पुष्कळदा अंदाजाने टाकलेली असते, आणि येथे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे ५ गुणांचा फरक पडतो.

अवयव निकामी होण्याचे ७ गुण नुसत्या नजरेने देऊ नयेत. लघवीची नळी घातल्याशिवाय ताशी २० मिलिलीटरहून कमी लघवी (मूत्रपिंड निकामी झाल्याची खूण) होते आहे, हे कळणार तरी कसे? मे महिन्याच्या उन्हातून आलेल्या, पाणी आटलेल्या रुग्णाची लघवी सलाइननंतर सुधारू शकते, म्हणून ती पुन्हा मोजावी. अपाचे-दोन या गंभीर रुग्णांसाठीच्या दुसऱ्या गुणपद्धतीत मात्र अतिदक्षता विभागातील पहिल्या २४ तासांतील सर्वांत वाईट आकडे धरतात. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नये.

स्राव कसा आहे आणि दाह कुठवर पसरला आहे, हे पोट उघडल्यावरच नक्की कळते. शस्त्रक्रियेपूर्वी सांगितलेला गुणांक म्हणूनच अर्धवट असतो, आणि तो दाखवून शस्त्रक्रिया नाकारणे मला सर्वथा अयोग्य वाटते. गुणांक रुग्णांच्या गटाचा धोका सांगतो. समोरच्या एकाचे भवितव्य त्यातून ठरत नाही.

गुडघेदुखीसाठी स्टेरॉइड घेणाऱ्या वृद्धाचे पोट मऊ लागले, तरी निर्धास्त राहू नये; स्टेरॉइडने दाहाची लक्षणे झाकली जातात. १०८ची गाडी निघण्यापूर्वी शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यावा, आणि रेफरल चिठ्ठीवर दुखणे सुरू झाल्याची वेळ, डोसची वेळ, नाडी, रक्तदाब व ताशी लघवी स्पष्ट लिहावी.