पृथ्वीचा गाभा आणि धातू : या चुका टाळा

पृथ्वीच्या अंतरंगावर लिहिताना बहुतेक जण दोनच ठिकाणी घसरतात. तापमान लक्षात राहतं, दाब विसरतो. वजन लक्षात राहतं, रसायन विसरतं.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे ‘जेवढं जड, तेवढं खोल’. सोनं आणि युरेनियम यांची घनता जवळपास सारखीच, पाण्याच्या सुमारे 19 पट. तरी सोनं बहुतांशी गाभ्यात गेलं आणि युरेनियम वर खडकांतच राहिलं. युरेनियमचं ऑक्सिजनशी जुळतं, आणि ऑक्सिजन खडकांमध्ये भरपूर. सोनं, प्लॅटिनम मात्र वितळलेल्या लोखंडात सहज विरघळतात. पृथ्वी घडत असताना लोखंड खाली बुडालं तेव्हा तेही त्याच्याबरोबर गेले. भूकवचात सोनं इतकं विरळ का, याचं मोठं कारण हेच.

‘निफे’ (निकेल आणि फेरम, म्हणजे लोह) पाठ केलं म्हणजे गाभा संपला, असंही समजू नका. भूकंपलहरींवरून गाभ्याची घनता निव्वळ लोह-निकेलपेक्षा कमी भरते. म्हणजे त्यात गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन यांसारखं काहीतरी हलकं मिसळलेलं असणार. कुठलं किती, यावर वाद चालू आहे.

प्रावरणाला, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधल्या थराला, लाव्हाचा समुद्र म्हणू नका. भूकंपाच्या दुय्यम लहरी (एस लहरी) द्रवातून जात नाहीत. प्रावरणातून त्या जातात आणि सुमारे 2,900 किलोमीटरवर, द्रव बाह्यगाभ्याशी थांबतात. प्रावरण घनच आहे, फक्त वर्षाला काही सेंटिमीटर या चालीने सरकतं. आकृतीतल्या भडक नारिंगी रंगाने हा घोळ वाढवलाय. ज्वालामुखीचा लाव्हाही गाभ्यातून येत नाही.

उलट, 5,000 अंशांवर तापलेला अंतर्गाभा, म्हणजे गाभ्याचा सगळ्यात आतला भाग, घन कसा, असं विचारलं की उत्तर अडतं. तिथला दाब वातावरणाच्या 33 लाख पटींहून जास्त असल्यामुळे लोखंड वितळू शकत नाही. या अंतर्गाभ्याचा माग डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी 1936 मध्ये भूकंपलहरींवरूनच काढला.

म्हणून काही आत लोहचुंबक बसलेला नाही. लोखंडाचं कायमचं चुंबकत्व 770 अंशांवरच नाहीसं होतं. चुंबकीय क्षेत्र निर्माण होतं ते बाह्यगाभ्यातल्या द्रव धातूच्या प्रवाहांमुळे.

आकृती काढताना प्रमाण सांभाळा. पृथ्वीची त्रिज्या 10 सेंटिमीटर घेतली, तर गाभ्याची साडेपाच भरते, अंतर्गाभ्याची दोनला थोडी कमी. खंडांखालचं कवच जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याचा जाड पट्टा काढून आत नावं लिहू नका. नावं बाहेर, बाणाने दाखवा.