गाडीच्या वायरिंगला हात लावायचाय? आधी मायनस काढा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हॉर्न, फॉग लॅम्प नाहीतर स्टिरिओ आणायचा आणि रविवारी सोसायटीच्या आवारातच बसवायचा, हे मुंबईत नेहमीचंच. त्यात बॅटरीची मायनस वायर काढायचा मात्र कंटाळा होतो, कारण ‘बारा व्होल्टच तर आहेत’. बारा व्होल्टचा झटका सहसा जाणवतही नाही, हे खरं. पण इथे भीती झटक्याची नाहीच. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली की क्षणात शेकडो अँपिअर ओतते. सेल्फकडे जाणाऱ्या जाड वायरला बऱ्याच गाड्यांत फ्यूज नसतो, म्हणजे मध्ये अडवणारं कुणीच नाही. म्हणून अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ सगळ्यात आधी उतरवा. बोटातली अंगठी अशा प्रवाहात सापडली तर ती काढायच्या आत मांस भाजतं.

सामान फार लागत नाही. दहाचा रिंग पाना, मल्टिमीटर, जुन्या सायकल ट्यूबचा वीतभर तुकडा, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश आणि व्हॅसलीन. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून घ्या.

इंजिन बंद करा, चावी काढा. बटण-स्टार्ट गाडी असेल तर चावी घरी ठेवून या. ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली घ्या, कारण बॅटरी निघाली की सेंट्रल लॉक चालत नाही. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेवा. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी लिहून घ्या. मग दहा मिनिटं थांबा, तोवर आतले कंट्रोलर झोपतात. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर ‘चेक’ करायची कार्बोरेटरच्या काळातली युक्ती आजच्या गाडीवर अजिबात करू नका. व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

आता मायनस कुठला ते बघा. वायरच्या रंगावर विसंबू नका, कुणीतरी वायर बदलली असली की दोन्ही काळ्या निघतात. बॅटरीवर कोरलेलं चिन्ह बघा. प्लसचा खांब, म्हणजे बॅटरीवरचं टर्मिनल, मायनसपेक्षा किंचित जाडही असतो.

मायनस आधी का? कारण गाडीची अख्खी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही, दोन्हीकडे मायनसच. पण मायनस जागेवर असताना प्लस खोलायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉनेटच्या कडेला लागलं, की पाना तिथेच वेल्ड होतो. ठिणगी उडते, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो. बिडी-सिगारेट लांबच ठेवा.

नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे सैल करा. वायरच्या टोकाचा, खांबाला धरणारा क्लॅम्प हाताने डावी-उजवीकडे थोडा फिरवत वर उचला. अडकला तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, ठोकूही नका. खांब मऊ शिशाचा असतो. तो हलला की झाकणाशी फट पडून ॲसिड झिरपतं. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या, गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पलाच छोटा सेन्सर असतो, तो तर उचकटल्याने हमखास तुटतो.

क्लॅम्प बहुधा पांढऱ्या-हिरव्या भुकटीने धरलेला असतो. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा आणखी छळते. कपभर कोमट पाण्यात चमचाभर सोडा घालून ब्रशने लावा. फसफसणं थांबलं की पुसून कोरडं करा. हे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका.

क्लॅम्प निघाला म्हणजे काम झालं असं नाही. जाड वायर ताठ असते, सोडली की हळूहळू परत खांबाकडे वळते. ट्यूबचा तुकडा क्लॅम्पवर चढवा आणि वायर बाजूला बांधून ठेवा. मग मल्टिमीटरचं लाल टोक प्लसच्या खांबावर, काळं बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर धरा. आकडा शून्याच्या आसपास उतरला पाहिजे. बारा दिसत असतील तर मायनस अजून कुठेतरी जोडलेला आहे. काही गाड्यांत दुसरी छोटी बॅटरी असते. निव्वळ वायरिंगच्या कामाला एवढं पुरतं. बॅटरीच बाहेर काढायची असेल तरच प्लस सोडवा.

स्टिअरिंग, डॅशबोर्ड किंवा सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरजवळ काम असेल तर आणखी किमान तीन मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. घड्याळ-सेटिंग जपायला ‘मेमरी सेव्हर’ (बाहेरून वीज देणारं छोटं यंत्र) लावायचा मोह टाळा, तो लावला की वायरिंग पुन्हा जिवंत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी वायरना तर हातच लावू नका. बारा व्होल्टची बॅटरी काढल्याने मोठी बॅटरी रिकामी होत नाही.

स्कूटरला स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो. तिथे टर्मिनलच्या खाचेतला चौकोनी नट खाली पडतो आणि सापडत नाही. खाली कागदाची घडी सरकवा, म्हणजे नट वरच राहतो.

मिलन सबवे किंवा हिंदमाताला गाडी पाण्यात अडकली असेल तर सेल्फ मारू नका, इंजिनात पाणी गेलेलं असू शकतं. पाणी ओसरलं की पहिलं काम मायनस काढायचं. ओल्या कनेक्टरमध्ये करंट चालू राहिला तर तांब्याच्या पिना बघता बघता हिरव्या पडतात.

परत जोडताना उलटा क्रम: काढला असेल तर आधी प्लस, शेवटी मायनस. बारीकशी ठिणगी चालते. मोठी उडाली तर दिवा किंवा दुसरं काहीतरी चालू राहिलंय, ते शोधा. नट घट्ट करा पण जोर लावू नका, ५-६ न्यूटन-मीटर पुरे. क्लॅम्प हाताने हलला नाही की झालं. व्हॅसलीन क्लॅम्प बसवल्यावर वरून लावा. इंजिन चालू केल्यावर बॅटरीला लावलेल्या मल्टिमीटरवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसतात. पहिले काही मिनिटं आयडलिंग वरखाली होईल, आणि ऑटो काच वर जाऊन परत खाली येत असेल तर ती पूर्ण वर नेऊन बटण दोन-चार सेकंद ओढून धरा.