जुन्या मापन उपकरणातील झिजलेला पंखा बदलताना

ऑसिलोस्कोप, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर किंवा सिग्नल जनरेटर तीस-चाळीस वर्षे वापरात राहिला की बहुधा सर्वांत आधी थकतो तो पंखा, कारण सतत फिरणारा भाग तोच असतो. थंड उपकरण सुरू करताच घरघर व्हावी आणि पाच-दहा मिनिटांत ती आपोआप कमी व्हावी, हे स्लीव्ह बेअरिंगमधले (ज्यात दांडा तेल लावलेल्या साध्या नळीत फिरतो) तेल आटल्याचे नेहमीचे लक्षण आहे. प्लग काढून पाती बोटाने फिरवून पाहावीत. धड पंखा काही फेरे घेऊन थांबतो, झिजलेला बोट उचलताच अडखळतो. दांडा पुढे-मागे किंचित सरकला तर हरकत नाही, पण आडवा डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलेच समजावे. लेबलाखाली तेलाचा थेंब सोडून काही दिवस ढकलता येतात, तेवढेच.

पंखा काढण्याआधी अर्धा तास उपकरण चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान टिपून ठेवावे. हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग नवा पंखा पुरेसा आहे की नाही हे ठरवायला त्यांच्या हाती काहीच उरत नाही. हवा किती लागते याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: उपकरण खर्च करत असलेले वॅट तिपटीने घेऊन त्यांना तापमानवाढीच्या अंशांनी भागले, की ताशी घनमीटर मिळतात. १५० वॅटच्या उपकरणात हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल तर ताशी ४५ घनमीटर, म्हणजे सुमारे २६ सीएफएम (मिनिटाला घनफूट), प्रत्यक्षात वाहायला हवेत. ‘प्रत्यक्षात’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पंख्याच्या माहितीपत्रकातला आकडा मोकळ्या हवेतला असतो, आणि फिल्टर, जाळी व दाटीने बसवलेले बोर्ड यांतून हवा रेटायची तर दाबही लागतो. जुना पंखा ३८ मिमी जाडीचा असताना त्या जागी संगणकासाठी बनवलेला २५ मिमीचा ‘शांत’ पंखा बसवण्याचा मोह म्हणूनच आवरावा. मी एकदा तो आवरला नव्हता. उपकरण अगदी शांत झाले आणि चाळीस मिनिटांनी पॉवर सप्लाय उष्णतेने बंद पडला.

आता सुरक्षितता. २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्विचिंग पॉवर सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही सुमारे ३२० व्होल्ट डीसी उरू शकतात. ते उतरवणारा रेझिस्टर इतक्या वर्षांत तुटलेला असण्याची शक्यता असल्यामुळे नुसते थांबण्यावर विसंबू नये, तर मल्टिमीटरने मोजूनच हात घालावा. भार उरला असेल तर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकू नये. काही किलोओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन केलेल्या टोकांनी लावून तो उतरवावा आणि पुन्हा मोजावे. पिक्चर ट्यूब असेल तर तिच्या अ‍ॅनोडच्या रबरी टोपीजवळ हात नेऊ नये, कारण तिथला दाब हजारो व्होल्टांचा असतो. ज्याला या कामाची सवय नाही, त्याने ते जाणकारासमोरच करावे.

जुन्या पंख्याच्या लेबलावरून व्होल्टेज, एसी की डीसी, आणि करंट पाहावा. २३० व्होल्टवर लावलेल्या उपकरणातही एसी पंख्याला अनेकदा ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवरून (गुंडाळीच्या मधून काढलेल्या जोडणीवरून) ११५ व्होल्टच मिळत असतात, तेव्हा प्लगकडे पाहून पंखा निवडू नये. डीसी पंख्याला अनेकदा तापमानानुसार कमी-जास्त व्होल्टेज मिळते. थंड अवस्थेतल्या सर्वांत कमी व्होल्टेजवर नवा पंखा स्वतःहून सुटतो का, हे बाहेरच्या पॉवर सप्लायवर तपासून घ्यावे. काही जुन्या ऑसिलोस्कोपांत तर मोटर चालवणारे सर्किटच उपकरणाच्या बोर्डावर असते, तिथे बाजारातला पंखा थेट जोडून भागत नाही. तिसरी तार असेल तर ती बहुधा वेगाचा संकेत देणारी असते आणि तो संकेत न मिळाल्यास उपकरण सुरूच न होण्याची शक्यता असते. स्लीव्हऐवजी बॉल बेअरिंग घ्यावे. ते किंचित जास्त वाजते, पण उष्णतेत जास्त टिकते.

८० मिमीच्या पंख्याच्या भोकांमध्ये ७१.५ मिमी आणि १२० मिमीच्या पंख्याच्या भोकांमध्ये १०५ मिमी अंतर असते, त्यामुळे बसवण्याची अडचण सहसा येत नाही. अमेरिकी बनावटीच्या उपकरणांत आटे अनेकदा इंची मापाचे असतात, त्यांत मेट्रिक स्क्रू रेटला तर आटे जातात. मूळचे स्क्रूच वापरावेत. हवेची दिशा जुन्या पंख्याप्रमाणेच ठेवावी, आणि पंखा काढण्यापूर्वी ती कागदाच्या पट्टीने पाहून चौकटीवर बाण काढून ठेवावा. जुना कनेक्टर तारेसह कापून नव्या पंख्याच्या तारांना सोल्डर करावा आणि सांध्यांवर हीट श्रिंक नळी (उष्णतेने आवळणारे इन्सुलेशन) चढवावी. कडक झालेले रबरी गट्टू बदलावेत, नाहीतर नव्या पंख्याचीही थरथर चौकटीत उतरते.

झाकण लावून पुन्हा अर्धा तास चालवावे आणि आधीच्या नोंदींशी तापमान ताडून पाहावे. मग ऑसिलोस्कोप सर्वांत संवेदनशील रेंजवर ठेवून, किंवा अ‍ॅनालायझरवर स्वच्छ कॅरिअर (एकाच वारंवारतेचा सिग्नल) घेऊन, पंख्याच्या वेगाशी जुळणारी तरंग किंवा बाजूची शिखरे दिसतात का ते पाहावे. ब्रशलेस पंखा करंट झटक्यांनी ओढतो. अशी खूण दिसलीच तर पंख्याच्या तारेत लहान चोक (तारेची गुंडाळी) आणि पंख्याच्या टोकांवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून ती बहुधा दबते. आतले तापमान पूर्वीपेक्षा बरेच बदलले असेल तर उपकरण तासभर तापू देऊन त्याचे कॅलिब्रेशनही तपासावे.