शेवटचं बंदर कोणतं?

कोकणात तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला तेव्हा जागतिक आरोग्य म्हणजे माझ्या लेखी पीएसएमच्या, म्हणजे समाजवैद्यकशास्त्राच्या, जाडजूड पुस्तकातलं, परीक्षेच्या आदल्या रात्री चाळायचं प्रकरण होतं.

पावसाळ्यात एक तिशीचा मुलगा आला. चार दिवस ताप, थंडी, अंगदुखी. विचारलं, "कुठून आलात?" "मुंबईहून." केसपेपरवर मुंबई लिहिलं, डेंग्यूची तपासणी सांगितली, पॅरासिटामॉल दिलं. मलेरिया बघितलाच नाही. त्या वर्षी आमच्याकडे मलेरिया नव्हता ना! दोन दिवसांनी आईने त्याला रिक्षातून आणला. डोळे पिवळे, बोलणं भरकटलेलं. आईच सहज बोलून गेली, "बोटीवरनं उतरल्यापास्नं असाच आहे." शेवटचं बंदर नायजेरियातलं लागोस. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर फाल्सिपॅरम, मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी. जिल्ह्याच्या ठिकाणी हलवला, शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध दिलं, वाचला.

मुलगा खोटं बोलला नव्हता. गाडीने तो मुंबईहूनच आला होता. प्रश्न माझा कच्चा होता.

आता तापाच्या प्रत्येक पेशंटला विचारतो, "गेल्या तीन महिन्यांत कुठे कुठे होतात? घरात कोण बाहेरून आलंय?" अर्धा मिनिट जातो. आफ्रिकेहून आलेल्याची मलेरियाची स्ट्रिप (झटपट तपासणी) निगेटिव्ह आली तरी काचपट्टी करायचीच. बहुतेक स्ट्रिप एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात आणि इरिट्रिया, इथिओपियात ते प्रथिनच नसलेले परजीवी सापडलेत.

आणि दर वेळी पेशंट परदेशी जाऊन आलेला असेल असंही नाही. झिका विषाणूचं नाव युगांडातल्या एका जंगलावरून पडलं. 1947 साली तिथल्या माकडात हा विषाणू सापडला. जुलै 2021 मध्ये राज्यातला पहिला रुग्ण निघाला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला. ताप मामुली, पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर बेततं. ब्राझीलने 2015 मध्ये ते भोगलं. म्हणून पुरळ-तापाच्या बाईला पाळी विचारल्याशिवाय सोडू नका.

तोच मुलगा परवा पुन्हा जहाजावर जायच्या आधी आला. मलेरियाच्या गोळ्यांचा विषय काढला तर म्हणाला, "डॉक्टर, पिवळं कार्ड आहे की माझ्याकडे." कार्ड पिवळ्या तापाच्या लशीचं. ती एकदा घेतली की 2016 पासून जन्मभर चालते, पण मलेरियाशी तिचा संबंध नाही. इतकी वर्षं तो त्याच भरवशावर आफ्रिकेची बंदरं करत होता.