स्वस्त म्हणून लहान गाव निवडताय? चाळिशी-पन्नाशीत या चुका टाळा

लहान गावात घर स्वस्त मिळतं, यात वाद नाही. पण तिथलं राहणं स्वस्त पडेल की नाही, हे बऱ्याचदा वेगळ्याच आकड्यावर ठरतं: महिन्यातून किती वेळा गावाबाहेर जावं लागेल. डॉक्टर, काम, गाडीची दुरुस्ती, म्हातारे आईवडील, मुलांचं कॉलेज, यातलं जे गावात नाही त्याच्यापायी दर वेळी इंधन, तिकीट आणि अख्खा दिवस जातो. शिवाय या वयात गावाकडून दोन अपेक्षा एकदमच असतात. पुढची पंधरा-वीस वर्षं तिथून कमवायचं असतं आणि नंतर तिथेच म्हातारंही व्हायचं असतं. बहुतेक लोक यातल्या एकाच गोष्टीचा विचार करून गाव ठरवतात.

चूक १: घराच्या किमतीवरून खर्चाचा अंदाज बांधणं

समजा, शहरातला तुमचा महिन्याचा खर्च १०० भाग आहे. त्यातले ४० घरावर जातात आणि ८ प्रवासावर. गावात घराचा खर्च १६ वर येतो, म्हणजे २४ भाग वाचले असं वाटतं. आता पुढचा हिशोब मांडा. बससेवा अपुरी म्हणून दुसरं वाहन घ्यावं लागतं, प्रवास १७ वर जातो, म्हणजे ९ जास्त. शहरातल्या महिन्याच्या दोन-तीन फेऱ्यांचे ६. दुरुस्तीवाला बाहेरून येतो आणि येण्या-जाण्याचे वेगळे घेतो, जड सामान घरपोच येताना जास्तीचा आकार लागतो, त्याचे २. चोविसातून सतरा गेले, उरले ७. सात भागही काही कमी नाहीत, पण चोविसाच्या भरवशावर नोकरी सोडणाऱ्याची गणितं इथेच चुकतात.

हा हिशोब घरी बसून करता येतो. गेल्या बारा महिन्यांचं बँक खात्याचं विवरण काढा आणि प्रत्येक खर्चापुढे लिहा: गावात मिळेल, बाहेरून मागवावं लागेल, किंवा स्वतः जावं लागेल. तिसऱ्या गटातल्या नोंदी मोजा, त्यांना एका फेरीच्या खर्चाने गुणा. एका दिवसात दोन कामं उरकतील असं धरून फेऱ्या कमी करू नका. डॉक्टरांची वेळ आणि कचेरीची वेळ क्वचितच जुळते.

फार स्वस्त घराला बहुतेक वेळा अट चिकटलेली असते. सिसिलीतल्या साम्बुका या गावाने २०१९ मध्ये पडीक घरं नाममात्र एक युरोपासून विकायला काढली, तेव्हा जगभर बातमी झाली. पण घेणाऱ्याने तीन वर्षांत घर दुरुस्त करायचं आणि त्यासाठी ५,००० युरो अनामत ठेवायची, ही अटही सोबत होती. अशा घरात खरा खर्च छत, जिने, वायरिंग आणि नळजोडणीचा असतो. म्हणून किमतीवर घासाघीस करण्याआधी छताखाली उभं राहून पाहा, वायरिंग किती वर्षांचं आहे ते विचारा आणि दुरुस्तीचा लेखी अंदाज त्या गावातल्याच दोन कारागिरांकडून घ्या. शहरातल्या कंत्राटदाराचा अंदाज तिथे लागू पडत नाही.

चूक २: चांगल्या ऋतूत गाव पाहून ठरवणं

सुट्टीत पाहिलेलं गाव आणि वर्षभराचं गाव वेगळं असतं. पर्यटनाच्या गावात हे विशेष जाणवतं. हंगामात भाडं वाढतं, पाणी कमी पडतं, रस्ते तुंबतात. हंगाम सरला की निम्मी दुकानं बंद. म्हणून सर्वांत वाईट महिन्यात, मग तो कडक उन्हाळ्याचा असो, मुसळधार पावसाचा किंवा गारठ्याचा, किमान चार आठवडे भाड्याने राहा आणि तेही नेहमीसारखं काम करत. हवामानाच्या सरासरीवर जाऊ नका, टोकाचे आकडे मागा. सर्वांत उष्ण रात्री किती तापमान असतं? घरात आर्द्रता किती राहते? ती सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. कपाटामागची भिंत आणि गादीची खालची बाजू पाहिली की कळतं. दरीतल्या गावात हिवाळ्यातल्या पहाटे धूर खाली साचून राहतो. दुपारी स्वच्छ दिसणारं गाव सकाळी सहाला पाहा.

चूक ३: ‘रुग्णालय आहे ना’ एवढ्यावर समाधान मानणं

पाटी असते, इमारत असते, पण रात्री दोन वाजता तिथे काय होऊ शकतं, हा खरा प्रश्न. मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला तर गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही, याची खात्री करावी लागते. हृदयाची मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी व्हावी, असं मानतात. ते शक्य नसेल तर आधी गुठळीवरचं औषध. तेव्हा रुग्णालयात जाऊन नेमकं विचारा: सीटी स्कॅन रात्री चालतो का? तो कोण वाचतो? गुठळीवरचं औषध साठ्यात असतं का? रक्ताची सोय कुठे आहे? पुढे न्यायचं झालं तर रुग्णवाहिका कुठून येते?

हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. रुग्णवाहिका मोठ्या शहरातून येणार असेल तर अंतर दुप्पट धरा, कारण ती आधी येणार आणि मग नेणार. नकाशावरची पन्नास मिनिटं प्रत्यक्षात दोन तास होऊ शकतात. तो रस्ता एकदा रात्री, पावसात, स्वतः गाडी चालवून पाहा.

तातडीच्या प्रसंगाइतकीच नेहमीच्या उपचारांचीही चौकशी करा. डायलिसिस आठवड्यातून सहसा तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालतं. किरणोपचार अनेकदा आठवड्याचे पाच दिवस, काही आठवडे सलग असतात. अशा उपचारांसाठी रोज तीन तासांचा प्रवास आजारी माणसाला झेपत नाही. मग उपचार संपेपर्यंत शहरात खोली घ्यावी लागते. घरात मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा कर्करोगाचा इतिहास असेल तर हे अंतर घराच्या दरापेक्षा आधी मोजा.

चूक ४: पाणी चाखून पाहणं

पाणी गोड लागतं, टीडीएस मीटरवर आकडाही चांगला येतो, म्हणून ते सुरक्षित आहे असं नाही. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा ढोबळ अंदाज देतो. त्यात आर्सेनिक घातक प्रमाणात असलं तरी मीटरला ते दिसत नाही, कारण ते मोजायचं असतं लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा लक्षात ठेवा: लिटरमागे आर्सेनिक १० मायक्रोग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम. यातलं काहीही उकळून जात नाही. उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं.

बोअरवेलचं घर घेत असाल तर दोनदा तपासणी करा. रसायनांची उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी सर्वांत खाली गेलेलं असताना. जंतूंची पहिल्या मोठ्या पावसानंतर, जमिनीवरची घाण झिरपून आत जाते तेव्हा. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, नमुना थंड ठेवा आणि २४ तासांच्या आत पोहोचवा. सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा बोअरवेलपासून निदान १५ मीटर दूर हवा, भेगाळ खडकात त्याहूनही लांब. फक्त आपला नाही, शेजाऱ्याचाही मोजा.

चूक ५: दुपारी बारा वाजता इंटरनेट तपासणं

गावातल्या जोडणीचा खरा वेग रात्री आठ ते दहा या वेळेत कळतो, कारण तेव्हा सगळेच वापरत असतात. खाली उतरण्याच्या वेगापेक्षा वर जाण्याचा वेग आणि मध्येच तुटण्याचं प्रमाण महत्त्वाचं. व्हिडिओ बैठकीला दोन्ही दिशांनी स्थिर चार एमबीपीएस पुरतात, पण दर दहा मिनिटांनी तुटणारे शंभर निरुपयोगी. मोबाइलचा सिग्नल अंगणात मोजू नका, जिथे टेबल ठेवणार त्या खोलीत मोजा. फोनच्या सेटिंगमध्ये डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आकडा मिळतो: उणे ८५ चांगला, उणे ११० म्हणजे बोलणं तुटणार. भूस्थिर उपग्रहावरून येणारी जोडणी घेणार असाल तर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. त्यामुळे बोलणं पोहोचून उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर होतो आणि बैठकीत सारखे एकमेकांच्या तोंडावर शब्द आदळतात. खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या सेवेत हा त्रास फारसा नाही.

वीज किती वेळ जाते, याचं उत्तर शेजारी आपापल्या सवयीप्रमाणे देतात. ज्याला सवय झाली तो म्हणतो, फारशी जात नाही. त्यापेक्षा चार आठवड्यांच्या मुक्कामात, बॅटरी काढून अ‍ॅडॉप्टरवर चालणारं काट्यांचं घड्याळ लावा. आठवड्याने ते जेवढं मागे पडलं, तेवढा वेळ वीज नव्हती. बॅकअपचा अंदाज असा: १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात, पण ती अर्ध्याखाली उतरवू नये. इन्व्हर्टरची घट धरून हाती ७०० ते ७५० उरतात. राउटर, लॅपटॉप आणि एक दिवा मिळून १०० वॉट धरले तर सात तास. पाण्याचा पंप यावर चालेल असं समजू नका.

चूक ६: गाव कशावर जगतं, हे न पाहणं

एकाच कारखान्यावर, एकाच खाणीवर किंवा एकाच कॉलेजवर चालणारं गाव स्वस्त असतं, आणि त्यातली जोखीम बाहेरून दिसत नाही. जपानच्या होक्काइडो बेटावरचं युबारी हे कोळशाचं शहर. १९६० च्या सुमारास तिथली लोकसंख्या लाखाच्या वर होती. खाणी बंद पडत गेल्या, शेवटची १९९० मध्ये. पालिकेने कर्ज काढून पर्यटनाचे प्रकल्प उभारले, ते चालले नाहीत आणि २००७ मध्ये पालिका अधिकृतपणे दिवाळखोरीच्या व्यवस्थेखाली गेली. त्यानंतर कर आणि शुल्कं वाढली, शाळा एकत्र केल्या गेल्या, १७१ खाटांच्या रुग्णालयाचा १९ खाटांचा दवाखाना झाला. लोकसंख्या आज दहा हजारांच्याही खूप खाली आहे. जे मागे राहिले त्यांनी जास्त पैसे भरून कमी सोयी घेतल्या.

इतकं टोक सगळीकडे गाठलं जात नाही, पण खुणा त्याच असतात. गेल्या दहा वर्षांत शाळेतली पटसंख्या वाढली की घटली? बसच्या फेऱ्या किती होत्या, किती उरल्या? पालिकेचा अर्थसंकल्प काढून पाहा, पगार आणि कर्जफेड भागवून कामांना किती उरतं? मुख्य रस्त्यावरची बंद दुकानं मोजा. औषधाचं दुकान एकच असेल तर मालकाचं वय विचारा. हे विचारायला अवघड वाटतं, पण त्याच्यानंतर दुकान कोण चालवणार, हा तुमच्याही पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न आहे.

चूक ७: पुराचा आकडा चुकीचा वाचणं

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हटलं की आपल्या हयातीत येणार नाही असं वाटतं. त्याचा अर्थ आहे, दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं राहिलात तर निदान एकदा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारातली एक. पन्नाशीत घर घेणाऱ्याची मुदत साधारण तेवढीच असते. जुन्या भिंतींवर जमिनीपासून सारख्या उंचीवर दिसणारा डाग आणि विमा कंपनीने मागितलेला हप्ता, या दोन गोष्टी दलालापेक्षा खरं बोलतात.

चूक ८: आधी विकत घेणं, आधी विकून टाकणं

शहरातलं घर विकून गावात घर घेतलं की परतीचा रस्ता जवळजवळ बंद होतो. गावातलं घर विकायला वेळ लागतो. किती, हे मोजता येतं: विक्रीला असलेल्या घरांची संख्या भागिले महिन्याला होणारे व्यवहार. चोवीस घरं विक्रीला असतील आणि महिन्याला दोन जात असतील, तर बारा महिने. सहाच्या आसपास आकडा असला तर बाजार बरा. त्याहून खूप जास्त असेल तर भाड्याने राहा. शहरातलं घर पहिलं वर्षभर भाड्याने दिलं तर भाडं थोडं कमी मिळालं तरी चालेल, कारण त्या पैशात तुम्ही परतण्याची सोय विकत घेत असता.

घर पाहताना चढ आणि जिने आजच्या गुडघ्यांनी मोजू नका. दहा किलोची पिशवी घेऊन किराणा दुकानापासून घरापर्यंत चालत या. गाडी चालवणं बंद झालं तर औषध, बाजार आणि डॉक्टर यांतलं काय पायी गाठता येईल, हेही त्याच फेरीत कळतं.

आधीच जाऊन बसलात आणि जमत नाहीये?

त्रास नक्की कशाचा आहे ते वेगळं काढा. पैसे पुरत नसतील तर तीन महिने फक्त बाहेरच्या फेऱ्यांची नोंद ठेवा. बहुतेकदा दोन-तीन कारणांतच निम्म्या फेऱ्या सापडतात आणि त्यातली काही, जसं की महिनोन् महिने चालणारी औषधं, तीन महिन्यांची एकदम आणून ठेवली की त्या फेऱ्या वाचतात. बैठका तुटत असतील तर वेगवेगळ्या टॉवरच्या दोन कंपन्यांची जोडणी ठेवा. एकाच टॉवरवरच्या दोन घेतल्या तर दोन्ही एकदम जातात.

एकटेपणाचं गणित वेगळं. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात, ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास आणि जवळच्या मैत्रीत व्हायला २०० हून जास्त तास सोबत लागते, असं दिसलं. आठवड्याला दोन तास भेटी झाल्या तर जवळचा मित्र व्हायला दोन वर्षं. म्हणजे सहा महिन्यांत ‘इथली माणसं आपली नाहीत’ हा निकाल फार लवकरचा आहे. पण तास भरायला ठरलेली जागा हवी: वाचनालय, भजनी मंडळ, टेकडीवर जाणारा गट, काहीही, दर आठवड्याला तेच लोक.

आणि जोडीदाराचे तास वेगळे मोजा. एकाला घरबसल्या काम आणि दुसऱ्याला ना काम ना ओळखी, अशी विभागणी झाली असेल तर खर्च, पाणी, वीज सगळं जमूनही वर्षाच्या आत परतीची भाषा सुरू होते. अशा वेळी जोडीदारासाठी शहरातलं काम आठवड्यातून दोन दिवस चालू ठेवणं परवडतं का, हे आधीच्या फेऱ्यांच्या हिशोबात घालून पाहा. परवडत नसेल आणि गावातही काही उभं राहत नसेल, तर भाडेकरार संपतो तो महिना पाहून शहरातलं घर रिकामं करून घ्यायची नोटीस वेळेत द्या.